‘नातेवाईकांनी बाहेर थांबावे’

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात दर ऑक्टोबरला ब्रेस्ट कॅन्सरचं एक पान येते, गुलाबी फीत, गाठ कशी तपासायची, चाळिशीनंतर काय करायचं वगैरे. यंदाही आलं. चांगलं असते, त्याबद्दल तक्रार नाही, आमच्या घरात तर ते पान कापून फ्रिजवर लावलेलं आहे. पण ते पान दरवेळी एकाच जागी येऊन संपते बघा, "वेळेवर उपचार घेतल्यास रुग्ण बरा होऊ शकतो", आणि पूर्णविराम. त्या पूर्णविरामाच्या पुढं आम्ही दोघं नवराबायको तीन वर्षांपासून राहून राहिलो, म्हणून तिथलं थोडं लिहितो. नाव छापू नका, गाव पण नको, राळेगाव तालुका एवढं छापलं तर चालते. मी कास्तकार माणूस, पाच एकर, पऱ्हाटी आणि तूर. लिहायची सवय नाही, मोबाईलवर बोलून बोलून टाईप केलं आणि पोरीनं थोडंफार सुधरवलं, तरी चुका असतील तं सांभाळून घ्या.

२०२२ च्या पोळ्याआधी हिच्या डाव्या बाजूला गाठ लागली. आंघोळ करताना हिच्याच हाताला लागली, दुखत नव्हती म्हणून हिनं दोन महिने कोणाला सांगितलं नाही, मला पण नाही. मग तालुक्याला, तिथून वर्धा, तिथून नागपूर. बायोप्सीचा रिपोर्ट आणायला मी एकटाच गेलो. डॉक्टरनं सांगितलं आणि मी बसस्टँडवर येऊन नुसता बसून राहिलो, दोन गाड्या सोडल्या. घरी आल्यावर सांगितलं साधी गाठ आहे, काढावी लागते फक्त. हिनं "बरं" म्हटलं आणि भाकरी टाकायला लागली. चार दिवस मी समजून राहिलो की हिला काही माहीत नाही, आणि इकडं हिनं मी ट्रंकेत लपवलेला रिपोर्ट पहिल्याच दिवशी काढून, फोटो पोरीला पाठवून, वाचून घेतला होता. म्हणजे बघा, एका घरात दोघं, दोघांनाही माहीत, दोघंही एकमेकांसमोर हसून राहिले आणि रात्री दोघंही जागे, एकाचं तोंड या भिंतीकडं, एकाचं त्या. पाचव्या दिवशी हीच म्हणाली, "अवो, आता किती दिवस नाटक करता, मले माहीत हाय. पैसे कुठून आनता ते सांगा." केमोच्या उलट्या, टक्कल, सगळं धरूनही ते चार दिवस सगळ्यात वाईट होते असं आजही दोघं म्हणतो. पोरगी नर्सिंगला आहे, ती म्हणते समोरच्याला त्रास नको म्हणून लपवणं हे कॅन्सरच्या घरात इतकं कॉमन आहे की रिसर्चवाल्यांनी त्याला वेगळं नाव देऊन ठेवलं, आणि बहुतेक वेळा त्यात लपवणाऱ्याचाच ताण वाढते. नाव काय ते तिनं सांगितलं होतं, मी विसरलो. आम्हाला नावाविनाच समजलं होतं.

पैशाचं म्हणाल तं महात्मा फुले योजनेत बसलं, नाही तं वावरच गेलं असतं. तरी जाणंयेणं, राहणं, खाणं, बाहेरून आणायच्या तपासण्या यात बैलजोडी गेली, ते पुढं सांगतो.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डॉक्टर लोकं चांगले होते, हात जोडतो त्यांना. पण ओपीडीच्या दारावर एक पाटी होती, "नातेवाईकांनी बाहेर थांबावे". गर्दी तशी असते, एका डॉक्टरपुढं शंभर-दीडशे पेशंट, मला समजते. पण आठ केमो, २१-२१ दिवसांनी, मग ऑपरेशन, मग २५ शेक (रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात), मग दर तीन महिन्यांची तारीख, या सगळ्यात मी त्या बाहेरच्या बाकावर किती तास काढले त्याचा हिशोब नाही. फाईल माझ्या पिशवीत, गोळ्यांच्या वेळा माझ्या डोक्यात, रात्री किती वेळा उलटी झाली मला माहीत, ती झोपेत कण्हते ते मला माहीत, आणि आत जाते ती एकटी. "काही त्रास?" "नाही." झालं. ही डॉक्टरला कधीच काही सांगत नाही, हिला वाटते त्यांचा टाईम खराब होते. बाहेर आली की मी विचारतो, हाताच्या सुजेचं सांगितलं का? तं म्हणे राहून गेलं. असं तीन तारखा राहून गेलं, चौथ्या वेळी हात कोपरापासून मनगटापर्यंत इतका सुजला की डॉक्टरलाच दिसला.

गंमत अशी की रेल्वे कॅन्सरच्या पेशंटला तिकिटात सवलत देते ती त्याच्यासोबतच्या एका माणसाला पण देते. म्हणजे कॅन्सरचा पेशंट एकटा फिरत नाही हे रेल्वेला समजलं, ओपीडीला अजून समजायचं आहे.

आता हाताचं सांगतो कारण त्यावरून माझ्या बऱ्याच गोष्टी डोक्यात उतरल्या. ऑपरेशनमधे काखेतल्या गाठी पण काढतात, मग त्या हातातून पाणी नीट परत जात नाही आणि हात सुजते. म्हणून त्या हातावर बीपी घ्यायचं नाही, सुई टोचायची नाही, जड उचलायचं नाही, घट्ट बांगडी घालायची नाही, आणि कापू-खरचटू द्यायचं नाही. आता कापसाच्या घरात हे कसं जमवावं तुम्हीच सांगा. वेचणीत बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं सोलून निघतात, कमरेला ओटी, ओटीत सात-आठ किलो कापूस. हिचं वेचणं बंद झालं. नुसता मजुरीचा प्रश्न नाही, वेचणीला बाया बाया मिळून जातात, गोष्टी होतात, हसणं होते, ते पण बंद झालं, हिला घरी गमेच ना. पाण्याचे गुंड मी भरायला लागलो तं पानठेल्यावर पोरं म्हणत, काका आता लुगडं पण नेसा. एक-दोन महिने म्हटलं, मग कंटाळले.

बांगडीचं मात्र वेगळं झालं. डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या आणि आमच्याकडं नवरा जिवंत असताना बाईचा हात उघडा दिसला तं लोकं काय म्हणतात ते तुम्हाला सांगायची गरज नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "वो माय, हा हात असा कामून?" केस गेले तेव्हा ही रडली नव्हती, छाती काढली तेव्हा रडली नव्हती, त्या दिवशी घरी येऊन रडली. मग मी शेकच्या सिस्टरला विचारलं, ती म्हणाली सैल असेल, रुतत नसेल, फुटून लागणारी नसेल तं चालते. मी बाजारातून हिच्या मापापेक्षा दोन मापं मोठी, काचेची नाही, प्लास्टिकची, हिरवी, एकच बांगडी आणली. दुकानदार म्हणे जोडी घ्या ना. म्हटलं नको, एकच द्या. ती आजही हातात आहे, भांडी घासताना सारखी निघून पडते आणि ही शिव्या देते.

दुसरं, ऑपरेशननंतर ब्लाऊज एका बाजूनं रिकामं दिसते. सिलिकॉनचं भेटते म्हणाले, किंमत ऐकून परत आलो. हिनं ब्लाऊजला आतून कप्पा शिवला आणि त्यात भरायला आपल्याच वावरातला कापूस, सरकी काढून, बोटांनी पिंजून मी दिला. रुईला वजन नाही, ते सारखं वर सरके, मग त्यात मोहरीची छोटी पुरचुंडी ठेवली तेव्हा जाग्यावर राहिलं. पहिल्या दिवशी मी जरा जास्तच भरून दिलं, ही आरशात पाहून इतकी हसली की खोकला लागला. किती महिन्यांनी हसली होती! एवढा कापूस पिकवला आयुष्यात, जिनिंगला नेला, कधी भाव भेटला कधी नाही, पण त्या मूठभर रुईचं जेवढं मोल झालं तेवढं कधी झालं नाही.

तुम्ही म्हणाल हे घरगुती पुराण पेपरात कशाला. तं सांगतो. पोरगी सुट्टीत आली तेव्हा तिनं एक अभ्यास वाचून दाखवला, अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचा, २०२० मधे छापून आलेला. ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या १३९ बाया, त्यांना तीन वेळा बोलावलं, एकदा कॅन्सर निघाला तेव्हा, मग उपचार संपल्यावर ६ महिन्यांनी आणि मग १८ महिन्यांनी. दरवेळी नवऱ्यासोबत, जोडीदारासोबत कसं चाललं हे विचारलं, ताण किती ते विचारलं आणि रक्त घेतलं. रक्तात काय पाहिलं तं सीआरपी, आयएल-सिक्स असं, म्हणजे कोरोनात आपण सगळे ज्या रिपोर्टचे आकडे पाठ करत होतो तेच. शरीरात आतून किती सूज आहे, किती दाह आहे ते त्यात दिसते. ही सूज हातासारखी बाहेर दिसत नाही, पण ती खूप दिवस राहिली तं थकवा, उदासी, हार्ट, शुगर, सगळ्याशी तिचा संबंध जोडतात, आणि कॅन्सरवाल्याला तं ती नकोच. त्यांना असं दिसलं की ज्यांचं घरात चांगलं चाललं त्यांचा ताण कमी आणि सूज पण कमी. ठीक आहे, हे तं कोणीही म्हणेल. पण मला त्यातलं दुसरं पटलं, की एकाच बाईचं पाहिलं तरी, ज्या वेळी ती तिच्या नेहमीपेक्षा जास्त समाधानी होती त्या वेळी तिचा ताण आणि सूज तिच्या नेहमीपेक्षा कमी. म्हणजे शेजारणीच्या नवऱ्याशी तुलना नाही, तिची तिच्याशीच. थोडं सुधारलं तरी तेवढं रक्तात दिसते.

त्याच युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी त्याच्या कितीतरी आधी, २००५ मधे, कॅन्सरच्या नाही, साध्या धडधाकट ४२ जोडप्यांच्या हातावर मुद्दाम बारीक फोड आणले आणि जखम किती दिवसांत भरते ते मोजलं. एकदा दोघांना गोड बोलायला लावलं, एकदा ज्या विषयावर भांडण होते तो विषय काढायला लावलं. भांडणानंतरची जखम जवळपास एक दिवस उशिरा भरली, आणि जी जोडपी एकमेकांवर फारच खेकसत होती त्यांची जखम भरायचा स्पीड बाकीच्यांच्या ६० टक्केच. पोरगी हे वाचत होती आणि आम्ही दोघं एकमेकांकडं पाहत नव्हतो.

कारण आम्ही काही राधाकृष्ण नाही. ऑपरेशन झालं, काखेत नळी लावलेली, तिच्या टोकाला डबी, त्यात पाणी जमा होते, ते रोज मोजून लिहायचं. दहा-बारा दिवसांत निघेल म्हणाले होते, निघता निघता महिना होत आला. आणि नेमक्या त्याच महिन्यात मी हिला न विचारता बैलजोडी विकली होती. हिच्या माहेरच्यांनी दिलेला एक बैल होता त्यात. भांडण असं झालं की हिनं दोन दिवस जेवण केलं नाही आणि मी दोन दिवस घरात झोपलो नाही, वावरात जाऊन झोपलो. नळीचं पाणी त्यामुळंच थांबत नव्हतं असं मी म्हणत नाही, त्याची शंभर कारणं असतात, डॉक्टरनं पण सांगितलं काही काही पेशंटला वेळ लागते. पण त्या ४२ जोडप्यांचं ऐकताना माझ्या डोळ्यासमोर ती डबीच आली.

आता जे लिहितो त्यावर तीन दिवस विचार केला, हिला विचारलं, पोरीला हा भाग दाखवला नाही. केमो सुरू झाला तेव्हा माझ्या काकूनं हिची खाट वेगळ्या खोलीत टाकली, ताट वेगळं काढलं. कोणी वाईट मनानं नाही केलं, पण केलं. कॅन्सर लागत नाही हो, एका ताटात जेवलं तरी नाही, जवळ झोपलं तरी नाही, आणि बाहेरून जो शेक देतात त्यानं अंगात काही किरणं राहत नाहीत, लेकरू मांडीवर घेतलं तरी चालते. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, मी शेकच्या खोलीबाहेर एका मुलाला, तो मशीन चालवायचा, लाजत लाजत विचारलं तेव्हा समजलं. काळजी घ्यायची ती थोडीशीच, केमोची सलाईन लागल्यावर दोन-तीन दिवस जवळ आले तं निरोध वापरायचा, उपचार चालू असताना दिवस राहू द्यायचे नाही, आणि त्यासाठी आपल्या मनानं गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या नाही, डॉक्टरला विचारायचं. बस. त्या दोन ओळींसाठी आमची खाट सात महिने वेगळी होती.

मग उपचार संपले, खाट परत आली, पण माणसं परत यायला वेळ लागला. कॅन्सर परत येऊ नये म्हणून हिला रोज एक गोळी आहे, टॅमोक्सिफेन, कमीत कमी पाच वर्षं, कोणाकोणाला दहा. तिनं अंगातून वाफा निघतात, जानेवारीच्या थंडीत ही रात्री पांघरूण फेकून उठून बसते. चिडचिड होते. पाळी गेली. आणि बाईच्या अंगात कोरडेपणा येते, जवळ येणं दुखते. हिला वाटलं मला आता हिच्याजवळ यावंसं वाटत नाही कारण छाती नाही. मला वाटलं हिला दुखते, त्रास होते, कशाला जवळ जावं. दोघंही परत भिंतीकडं तोंड करून, रिपोर्टच्या वेळी होतं तसंच. वर्षभर. आणि वर्षभरानं दुसऱ्याच एका दवाखान्यातल्या म्याडमनं हिला सहज विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, नवरा-बायकोचं? ही काहीच बोलली नाही तं म्याडम स्वतः बाहेर येऊन मला बाकावरून उठवून आत घेऊन गेल्या. दहा मिनिटं. पाण्याची जेली मेडिकलमधे भेटते ती सांगितली, गोळीमुळं हे होते, मनामुळं नाही, आणि नवऱ्याला नको झालं म्हणून तर अजिबात नाही हे हिला सांगितलं, आणि मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही लांब राहून हिची काळजी घेऊन राहिले असं तुम्हाला वाटते, हिला वेगळंच वाटून राहिलं." गाडीत येताना आम्ही दोघं काहीच बोललो नाही, पण वर्ध्याला उतरून चहा प्यालो, जो कधी पीत नव्हतो, पैसे वाचवायचे म्हणून.

दहा मिनिटं, साहेब. तेवढीच लागली. माझी सगळी तक्रार एवढ्याच दहा मिनिटांची आहे.

आता गड्यांचं. आमच्या भागात खर्रा किती चालते ते सगळ्यांना दिसते, सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून, दिवसाला पाच पाच, सात सात. तोंडाच्या कॅन्सरचे गडी प्रत्येक गावात भेटतील. जबडा काढला, बोलणं समजत नाही, लाळ सुकली, नाकातून नळी. आणि त्या प्रत्येक गड्याच्या मागं एक बाई उभी दिसते मला, वरणाचं पाणी गाळून, कोमट करून, सिरिंजनं नळीतून टाकणारी, दिवसातून सहा वेळा, नळी धुवून, परत मजुरीला जाऊन. तिला कोणी विचारते का बाई तुझं बीपी किती, तुला झोप येते का? ती पण त्याच बाकावर बसलेली असते. आणि बाईला झालं तं? अमेरिकेतच २००९ मधे एक अभ्यास आला होता, ब्रेन ट्युमर, कॅन्सर असे गंभीर आजार झालेल्या ५१५ पेशंटचा. बायको आजारी पडली तिथं २०.८ टक्के जोडपी तुटली, नवरा आजारी पडला तिथं २.९ टक्के. आपण म्हणू ते अमेरिका आहे, आपल्याकडं कुठं घटस्फोट होतात. खरं आहे, आपल्याकडं कागद होत नाही. आपल्याकडं "थोडे दिवस माहेरी आराम करू दे" म्हणून पाठवतात आणि आणायला कोणी जात नाही. शेकच्या लाईनीत मला अशा तीन बाया भेटल्या, भावासोबत नाही तं म्हाताऱ्या बापासोबत आलेल्या. एकीच्या नवऱ्याचा फोन यायचा, तो पण फक्त योजनेच्या कागदावर सही पाहिजे म्हणून.

म्हणून एक गोष्ट साफ सांगतो, नाही तं माझ्या पत्राचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज होईल. प्रेमानं कॅन्सर जाते असं कुठल्याच अभ्यासात नाही. कॅन्सर केमोनं, ऑपरेशननं, शेकनं जाते, आणि कधी कधी त्यानं पण जात नाही. आमच्या शेजारच्या गावात एक जण होता, बायकोवर जीव ओवाळायचा, नागपूर, मुंबई सगळं केलं, तरी ती गेली. त्याचं प्रेम कमी पडलं असं कोणी म्हणालं तं मी त्याच्या तोंडावर दार लावीन. आणि दारू पिऊन मारणाऱ्याच्या घरात नांदून कोणाचा सीआरपी कमी होणार नाही, तिथं बाई माहेरीच बरी. जोडीदार असल्याचा फायदा जो आहे तो बराचसा साधा आहे. अमेरिकेतच ७ लाख ३४ हजारांवर कॅन्सर पेशंटची नोंद तपासली होती, २०१३ मधे छापली, लग्न झालेल्यांचं कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण २० टक्के कमी निघालं, त्यांचा आजार लवकर सापडतो आणि ते उपचार घेतात. यात रोमान्स काय आहे? गाठ दाखवायला चल म्हणणारं कोणी तरी आहे, गाडीत बसवणारं आहे, तारीख लक्षात ठेवणारं आहे. मग ज्यांना कोणीच नाही त्यांचं काय, आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात एकट्या बाया किती आहेत, कशा एकट्या झाल्या, हे तुमच्या पेपरनंच इतकी वर्षं छापलं आहे. त्यांच्यासाठी आशाताई, शेजारीण, बचत गटातली बाई, कोणी तरी एक ठरवून सोबत पाठवायला पाहिजे, आणि त्या सोबतच्या बाईच्या मजुरीचं पण कोणी तरी पाहायला पाहिजे.

आशाताईवरून आठवलं, तीसच्या वरच्या बायांची छाती, तोंड, गर्भपिशवीचं तोंड तपासायचं काम आता उपकेंद्रावर चालू आहे, चांगलं आहे. पण ज्यांचं निघालं, ज्यांचे उपचार झाले, त्यांच्या घरी परत कोण जाते? आमच्याकडं आशाताई येते ती लसीकरणाला. तिला पण मी दोष देत नाही, तिच्या रजिस्टरमधे तो कॉलमच नाही.

दवाखान्यांना माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक वेळी नको, गर्दी आहे, पण केमो सुरू व्हायच्या आधी एकदा, ऑपरेशननंतर एकदा आणि उपचार संपल्यावर एकदा, बाकावरच्या माणसाला आत बोलवा. डॉक्टरला वेळ नसेल तं सिस्टरनं बोलवावं, समाजसेवकानं बोलवावं, योजनेचा जो माणूस टेबलावर बसते त्याच्या शेजारी एक खुर्ची टाका. हात सुजेल, वाफा येतील, जवळ झोपलं तं चालते, भांडण होईल, रडू येईल, हे दोघांना एकत्र सांगा. एकीला आत सांगितलं आणि तिनं बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं असं होत नाही हो, आमच्याकडं बाया अशा गोष्टी नवऱ्याला सांगत नाहीत आणि नवरे विचारत नाहीत. मनाला त्रास झाला तं फोनवर बोलायला सरकारचा १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, मी एकदा रात्री वावरातून लावला होता, काय बोललो ते आठवत नाही पण बाईनं ऐकून घेतलं. तो नंबर दवाखान्यात कुठंच लावलेला नव्हता, मला रेडिओवर ऐकून माहीत होता.

आणि तुम्हाला विनंती, पुढच्या ऑक्टोबरच्या पानात अर्धा कॉलम उपचार संपल्यानंतरच्या नवराबायकोसाठी ठेवा. गुलाबी फीत थोडी छोटी केली तरी चालेल.

हे सगळं हिला वाचून दाखवलं. हिचं म्हणणं, रुईचं आणि बांगडीचं राहू द्या, बैलाचं भांडण काढून टाका, माहेरचे वाचतील. मी म्हटलं बैलाचं काढलं तं मी लईच चांगला दिसीन. तं म्हणाली, "मंग राहू द्या."

पुढच्या महिन्यात आमची तारीख आहे. मी पाटी न पाहता आत जाणार असं हिला सांगितलं, ही म्हणते सिस्टर हाकलून लावन. बघू.

आपला,
एक वाचक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ